वाट पाहण्याचे तास : १०८च्या रुग्णवाहिकेवरील माणसांची पाळी आणि पगार



व्याख्यानमालेत कामगार कायद्यावर बोलायचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणे, हे मी जाणतो. तरीही हा विषय घेतला, कारण तो आपल्या घरांपासून दूर नाही. काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा या भागांतल्या जुन्या मराठी घरांकडे पाहा. ज्या वाड्यात एकेकाळी बारा-पंधरा माणसे नांदत होती, तिथे आता दोन वयस्क माणसे असतात. मुले पुण्याला, बंगळूरला, नाहीतर सातासमुद्रापार. रात्री छातीत कळ आली तर शेजाऱ्याला हाक मारण्याआधी बोट १०८ या आकड्यांवर जाते. इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या किंवा मडगावच्या आपल्या नातलगांचीही तीच गत. गाडी येते, दोन माणसे उतरतात, स्ट्रेचर जिना चढून वर येते. त्या दोन माणसांची पाळी किती तासांची असते, तिचे दाम त्यांना कोण देतो आणि ते पुरेसे आहे का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

ही सेवा आपल्याच शहरात जन्मली, हे अनेकांना आठवत असेल. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतून १०८ सुरू झाली. सत्यम कंपनीचे रामलिंग राजू यांनी त्यासाठी ‘ईएमआरआय’ ही संस्था काढली होती. पुढे जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा हिशेब उघडा पडला, राजू तुरुंगात गेले. पण गाड्या थांबल्या नाहीत. जीव्हीके उद्योगसमूहाने संस्था सांभाळली. तोवर गुजरातने २००७ मध्ये, गोवा आणि कर्नाटकाने २००८ मध्ये हीच पद्धत उचलली होती. मध्य प्रदेशात ती २००९ साली आली. महाराष्ट्र जरा उशिरा, जानेवारी २०१४ मध्ये, वेगळा ठेकेदार आणि गाडीत डॉक्टर अशी रचना घेऊन आला. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था खासगी, गाडी आणि नंबर जनतेच्या ओळखीचा, हा साचा मात्र सगळीकडे साधारण एकच. या साच्याने लाखो माणसे वाचवली आहेत, आणि मी त्याचा टीकाकार म्हणून उभा नाही. साचा बनवताना त्यात एक गोष्ट धरायची राहिली, तिच्याबद्दल बोलतो आहे.

गाडीवर दोघे असतात. चालकाला ‘पायलट’ म्हणतात. मागे रुग्णाजवळ बसतो किंवा बसते ती व्यक्ती ‘ईएमटी’, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. महाराष्ट्रात त्या जागी बहुधा आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टर असतात. नाडी, रक्तदाब, प्राणवायू, सलाईन, अपघातात मोडलेल्या हाडाला आधार, आणि खेड्यापाड्यांत हरघडी येणारी वेळ म्हणजे गाडीतच होणारे बाळंतपण. पायलट नुसता गाडी हाकत नाही. स्ट्रेचरचे दुसरे टोक त्याच्याच हातात असते आणि चौथ्या मजल्यावरून माणूस खाली आणायचा तर दोघांनीच आणायचा. रुग्णालयात पोचल्यावर खाट मिळेपर्यंत थांबायचे, गाडी धुवायची, संपलेले सामान भरायचे, नोंदी करायच्या, आणि परत ठरलेल्या ठिकाणी येऊन उभे राहायचे.

हे उभे राहणे हाच वादाचा मुद्दा आहे.

व्यवस्थापनाची बाजू अशी असते, आणि ती अगदीच निराधार नाही : बारा तासांच्या पाळीत माणूस बारा तास थोडाच राबतो? दोन फोनच्या मध्ये तो गाडीत पडून असतो, चहा पितो, मोबाइल पाहतो. प्रत्यक्ष काम मोजले तर सहा-सात तासच भरेल. मग आठ तासांचा हट्ट कशाला? अनेक राज्यांत १०८ची पाळी बारा तासांची राहिली त्यामागे हा हिशेब आहे. आणि आठ तासांची पाळी ही मागणी १०८च्या एकामागून एक संपांत पुन्हापुन्हा वर आली त्यामागेही हाच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मराठी माणसाला आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुट्टी यांचा इतिहास परका नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांसाठी तशीच तरतूद व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली. ती म्हणजे १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर. एसटीचा ड्रायव्हर, मालमोटारीचा ड्रायव्हर, सगळे त्यात आले. आणि मग शेवटाकडे ३८ वे कलम येते. त्यात म्हटले आहे की आजारी वा जखमी माणसांना नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला या कायद्यातले काहीही लागू नाही.

हे कलम पहिल्यांदा वाचणारा चमकतो. बटाट्याची पोती नेणाऱ्याला विश्रांती आणि अत्यवस्थ माणूस नेणाऱ्याला नाही! पण १९६१च्या चष्म्यातून पाहिले तर ते दुष्टपणाने लिहिलेले दिसत नाही. त्या काळी रुग्णवाहिका म्हणजे एखाद्या रुग्णालयाची किंवा नगरपालिकेची एखादी गाडी; दिवसातून एकदा-दोनदा निघणारी. ऐन वाटेत ‘माझे आठ तास भरले’ म्हणून कुणी गाडी थांबवू नये, इतकाच हेतू असावा. चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस, हजारो गाड्यांचा ताफा ठेकेदारामार्फत चालेल, ही कल्पना तेव्हा कुणाला होती? अडचणीच्या प्रसंगासाठी ठेवलेली पळवाट एका संपूर्ण व्यवसायाला लागू होऊन बसली, ती अशी.

जर्मनीतही नेमकी हीच लढाई झाली, आणि ती आपल्या उपयोगाची आहे. तिथल्या रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकांवरील काही कर्मचारी न्यायालयात गेले. त्यांच्या करारात आठवडा ४९ तासांपर्यंत ताणता येत असे, कारण त्यातला काही भाग नुसता ‘सज्ज राहण्याचा’ आहे असे धरले होते. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचले आणि ५ ऑक्टोबर २००४ रोजी निकाल लागला; कायद्याच्या पुस्तकांत तो फायफर खटला म्हणून ओळखला जातो. मालकपक्षाचा एक बचाव असा की ही रस्ता-वाहतूक आहे आणि वाहतुकीला कामाच्या तासांच्या नियमातून सूट आहे. न्यायालय म्हणाले, गाडीत बसतात म्हणून ते वाहतूकदार होत नाहीत. त्यांचे मुख्य काम आजारी माणसाला प्रथमोपचार देण्याचे आहे. दुसरा बचाव असा की आपत्तीच्या कामाला तासांचे बंधन घालता येत नाही. त्यावरचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. भूकंप कधी होईल ते सांगता येत नाही, पण रोजच्या रुग्णसेवेचे तसे नाही. एखादा फोन केव्हा येईल ते कळत नसले, तरी फोन येणार हे पक्के असते, आणि त्यासाठी माणसांच्या पाळ्या आधी आखता येतात. आकस्मिक प्रसंग रुग्णाच्या बाजूने आकस्मिक असतो, सेवेच्या बाजूने तो नित्याचा असतो. म्हणून सज्ज राहण्याचा वेळही कामाचाच वेळ धरून ४८ तासांची मर्यादा पाळली पाहिजे. त्याआधीच्या वर्षी कील शहरातल्या एका रुग्णालयातील डॉक्टरच्या खटल्यात तर रुग्णालयाने दिलेल्या खाटेवर पाळीदरम्यान घेतलेली झोपसुद्धा कामाच्या तासांत मोजावी, असे ठरले होते. घरी नाही, मुलांत नाही, मालकाने सांगितलेल्या जागी आहे. मग तो वेळ मालकाचा, असा तो साधा विचार.

आपल्याकडे पहारेकऱ्याला आपण हे कधी विचारत नाही. रात्रभर चोर आला नाही म्हणून त्याचा पगार कापावा असे कुणाच्या मनात येत नाही. अग्निशामक दलाच्या जवानालाही आपण आग लागण्याच्या मिनिटांचे पैसे देत नाही.

थकव्याची गोष्ट मात्र नुसत्या न्यायाची नाही, ती गाडीतल्या रुग्णाच्याही जिवाची आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी, डॉसन आणि रीड यांनी, एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हातडोळ्यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते, असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी घ्या. दुपारी बाराला उठलेला पायलट पाळी संपताना वीस तास जागा असतो. थेंबभरही न घेतलेला हा माणूस, पोलिसाने फुंकर मारायला लावली तर निर्दोष सुटणारा, चाकामागे मात्र कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या अवस्थेपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो. दोन फोनच्या मध्ये डुलकी मिळाली तर बरे. पण डुलकी मिळेलच असे गृहीत धरून पाळी आखणे हे चुकीचे. आणि बारा तास म्हणजे बाराच नव्हे. पावणेआठला फोन आला तर तो घ्यावाच लागतो. पुढे किती वेळ लागेल ते वाहतूक आणि रुग्णालयाचा दरवाजा ठरवतो.

मग तीन पाळ्या का करत नाहीत? उत्तर पाटीगणिताचे आहे. आठवड्याचे तास १६८. गाडीवर जागा दोन, म्हणजे ३३६ मनुष्यतास भरायचे. प्रत्येकाने ४८ तास केले तर सात माणसे लागतात. तेच प्रत्येकाकडून बारा तासांच्या सहा पाळ्या, म्हणजे ७२ तास घेतले, तर पावणेपाच माणसांत भागते. एका गाडीमागे सव्वादोनहून थोडी जास्त माणसे वाचली. महाराष्ट्राने सेवा सुरू केली ती ९३७ गाड्यांनिशी. तेवढा ताफा उदाहरणापुरता धरला तर दोन पद्धतींतला फरक जवळपास २,१९० माणसांचा होतो, आणि यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलेलेच नाही. निविदा भरणारा ठेकेदार हे गणित आपल्याआधी करतो. सरकार कुठे दर गाडीमागे महिन्याला, कुठे धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देते आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम देते. डिझेलचा भाव ठेकेदाराच्या हाती नाही, टायरचा नाही, औषधांचा नाही. हाती राहतात ती माणसे. त्यामुळे ठेकेदाराला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. सर्वांत स्वस्त बोलीला काम द्यायचे हे सरकारने ठरवले, तेव्हा पाळी बारा तासांची होणार हेही तिथेच ठरले.

आता पगार. घटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाची भाषा आहे. किमान वेतन त्याच्या बरेच खाली. हे किमान म्हणजे तरी काय, याचा आराखडा १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिला : कमावणाऱ्यामागे तीन माणसांचे खाणे, दर माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेसाठी वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. म्हणजे हा जेमतेम तगून राहण्याचा आकडा झाला. कौशल्य, रात्रपाळी, संसर्गाचा धोका यांचे मोल त्यात नाहीच. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने ईएमटीच्या व्यवसायाला मान्यता दिली, म्हणजे तो आता कुशल व्यवसाय आहे यावर वाद उरला नाही. तरी नेमणुकीच्या कागदावर किमान वेतनाच्या आसपासचा आकडा पाहण्याची सवय जात नाही.

रुग्णवाहिकेच्या पायलटचा खरा सवाल तुलनेचा आहे. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात दोन गाड्या उभ्या असतात. एकीचा चालक सरकारी आस्थापनेवरचा, दुसरीचा ठेक्यावरचा. रस्ता तोच, रुग्ण तेच. ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात ठामपणे मांडले तो १९८२ चा रणधीर सिंग खटला एका ड्रायव्हरचाच होता. दिल्ली पोलिसांतल्या चालक-शिपायाला दिल्ली प्रशासनातल्या इतर ड्रायव्हरांपेक्षा कमी पगार का, एवढाच त्याचा प्रश्न. २०१६ मध्ये जगजीत सिंग खटल्यात हेच तत्त्व सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांपर्यंत गेले. पण १०८चा माणूस सरकारचा हंगामी नोकरसुद्धा नाही. तो ठेकेदाराचा. इथे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालचे नियम मदतीला येत : मुख्य मालकाकडचा कायम कामगार जे काम करतो तेच काम कंत्राटी कामगार करत असेल तर वेतन आणि तास सारखेच हवेत. आणि ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे इथे सरकारची. ही दुसरी तरतूद नव्या संहितेतही आहे. पगार थकल्याच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा ठेकेदार म्हणतो सरकारने बिल दिले नाही, सरकार म्हणते आम्ही दिले. कायद्याच्या दृष्टीने हा वाद त्या दोघांचा. माणसाच्या पगाराशी त्याचा संबंध नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात हे वाक्य उच्चारायला मात्र कुणीतरी जावे लागते.

ठेका बदलला की आणखी एक गोष्ट होते. आंध्र प्रदेशात २०२० मध्ये, मध्य प्रदेशात २०२२ मध्ये चालक संस्था बदलली. अशा वेळी माणूस बहुधा त्याच गाडीवर राहतो, पण कागदावर तो नवा होऊ शकतो. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची नोकरी लागत असे आणि असे ठेके साधारण तेवढ्याच मुदतीचे. यातला योगायोग सोडवून सांगायला नको. नव्या संहितेने ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला ही अट एका वर्षावर आणली, हे चांगले झाले.

नव्या संहितांचा उल्लेख दोनदा झाला, तर थोडे स्पष्ट करतो. संसदेने २०२० पर्यंत मंजूर केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा त्यांत विरला. कोणत्याही आस्थापनेत दिवसाला आठ तासांहून जास्त काम नाही, जादा काम कामगाराच्या संमतीने आणि दुप्पट दराने, असे त्यांतली सुरक्षितता व आरोग्याची संहिता म्हणते. सूट देण्याचे अधिकार मात्र सरकारांकडे आहेत. ३८ व्या कलमाची जुनी सवय अशा एखाद्या अधिसूचनेच्या दाराने परत येणार नाही, याकडे संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

संपाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १०८चे लोक संपावर गेले की आपणच, म्हणजे ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत ते, सर्वांत आधी चिडतो. ‘हे सेवेचे काम, इथे संप कसला?’ सरकार अत्यावश्यक सेवा कायदा पुढे करते. मध्य प्रदेशाचा तर १९७९ पासून आहे. संप नको, हे मलाही मान्य आहे. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने याबाबत घालून दिलेले तत्त्व दोन भागांचे आहे आणि आपण त्यातला अर्धाच उचलतो. जिवाशी संबंधित सेवेत संपावर बंधन घालता येते. मात्र ते घातले तर त्या बदल्यात निःपक्ष आणि झटपट लवाद दिला पाहिजे. हत्यार काढून घ्यायचे आणि न्यायालयाचा दरवाजाही दाखवायचा नाही, हे चालत नाही. आपल्याकडे संपबंदीचा आदेश एका संध्याकाळीत निघतो, आणि मागण्यांचा निवाडा वर्षानुवर्षे तारखांवर लोंबकळतो. सेवा हा शब्द आपल्या भाषेत फार वजनाचा आहे. वारीत पाणी देणारा सेवा करतो, तो दुसऱ्या दिवशी घरी जातो. ज्याला तीस वर्षे रोज पाणी द्यायचे आहे त्याच्या घरची चूलही पेटती राहिली पाहिजे.

करता येण्याजोगे काय आहे? गाडी कशी असावी याचे राष्ट्रीय मानक २०१६ साली ठरले. स्ट्रेचरची मापे, दिवे, भोंगा, सगळे त्यात आहे. फोन आल्यापासून किती मिनिटांत पोचायचे हे ठेक्यात लिहिलेले असते आणि उशिराला दंडही असतो. तसेच गाडीमागे माणसे किती, हेही निविदेतच लिहिता येते : दर गाडीला निदान सात, शिवाय रजेची बदली वेगळी. मग सगळ्या बोली त्याच आकड्यावरून सुरू होतील आणि माणसे कमी दाखवून कुणाला स्वस्त होता येणार नाही. वेतनाची रक्कम ठेकेदाराच्या दरातून वेगळी काढून तिचा मासिक हिशेब मागता येईल. ठेका बदलला तरी माणसाची नोकरी सलग धरावी, अशी एक ओळ घालता येईल. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. निविदा सरकारी संकेतस्थळावर सर्वांना पाहायला खुल्या असतात, आणि ठेका देण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकण्यासाठी एक बैठक होते. तिथे वाहनांचे विक्रेते असतात, विमा कंपन्यांचे लोक असतात. पायलट त्या वेळी बहुधा पाळीवर असतो.